बोडिलचे आळशी उंदीर

बोडिलचे उंदीर पोहायला तयार नव्हते. काचेच्या उभ्या भांड्यात कोमट पाणी, त्यात उंदीर सोडायचा आणि बघत बसायचं. औषध लागू पडलं असेल तर तो हातपाय मारत राहतो, नसेल तर थोड्या वेळानं आशा सोडून नुसता तरंगतो. उदास माणसांचं औषध शोधायची ही रीत कोणी काढली देव जाणे, पण कोपनहेगनच्या त्या कंपनीत सगळे तिच्यावर विश्वास ठेवून पगार घेत होते. बोडिलचे उंदीर मात्र सुट्टीवर आल्यासारखे तरंगत होते आणि शुक्रवारच्या बैठकीत तिचं काम कायमचं बंद होणार होतं.

काम काय होतं? कंपनीची उदासीवरची गोळी जोरात खपत होती. पण त्या गोळीतला रेणू दोन रूपांत असतो, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखा. सगळं तेच, फक्त आरशातलं. कारखान्यात दोन्ही रूपं निम्मी निम्मी तयार होतात आणि रुग्ण बिचारा दोन्ही गिळतो. बोडिलचं म्हणणं, राबतो एकच अर्धा, दुसरा नुसता बसून खातो. तेव्हा राबणारा वेगळा काढा. चिमूटभर तयार औषधावर तिनं हे परीक्षानळीत दाखवलंही होतं. यंत्रातली प्रकाशाची तिरीप जो अर्धा उजवीकडे वळवतो, तोच कामाचा. मग उंदरांसाठी तिनं वाटीभर माल बनवला, आणि उंदरांनी असहकार पुकारला.

त्या मजल्यावर एक कायदा होता, सरकारी कायद्यांहून कडक. ज्याच्या हातून घोळ होईल त्यानं सगळ्यांसाठी केक आणायचा आणि उभं राहून घोळ काय ते सांगायचं. या कायद्याची फौजदार बोडिल. शेजारच्या टेबलावरचा आस्गर हा तिचा ठरलेला आरोपी. त्यानं नळ उघडा ठेवला, केक. बाटल्यांची अदलाबदल केली, केक. बोडिलनं स्वतः आजवर एकही केक आणला नव्हता आणि हे ती चारचौघांत सांगतही असे. तेही अशा देशात, जिथे फुशारकी मारणारा चोराहून वाईट.

गुरुवारी दुपारी ती शेवटचा अहवाल लिहायला बसली. तिरीप किती वळते हा एक आकडा भरायचा राहिला होता, म्हणून उंदरांच्या औषधातली उरलेली भुकटी विरघळवून तिनं यंत्रात धरली. तिरीप डावीकडे वळली.

“यंत्रसुद्धा आस्गरच्या वळणावर गेलं,” ती पुटपुटली. नळी धुतली, पुन्हा लावली. पुन्हा डावीकडे.

मग तिनं वहीची मागची पानं उलटली. तयार औषधाचे अर्धे सुटे करणं फार जिकिरीचं, म्हणून तिनं ते एक पायरी आधी, कच्च्या मालातच सुटे केले होते आणि उजवीकडे वळवणारा अर्धा ठेवून घेतला होता. शेवटच्या पायरीत रेणूचा हात बदलत नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक. म्हणून तयार माल पुन्हा प्रकाशाला दाखवायची तिला गरज वाटली नाही. हात खरंच बदलला नव्हता. पण त्या पायरीनंतर तोच हात तिरीप उलट्या बाजूला ढकलतो! एखाद्या अडाण्यानं मुकाट्यानं तपासून पाहिलं असतं. बाईंचं शिक्षण आडवं आलं. हिवाळाभर तिनं उंदरांना आळशी अर्धा चारला होता आणि राबणाऱ्या अर्ध्याचा कच्चा माल कपाटात ‘टाकाऊ’ म्हणून पडला होता.

यंत्राची देखभाल आस्गरकडे होती. यंत्र बिघडलं होतं म्हटलं की झालं, त्याच्या नावावर आणखी एक केक. हा विचार तिच्या मनात आला, आला कसला, चांगला पाय पसरून बसला. सायकलवरून घरी जाईपर्यंत तो उठला नाही. घरी पोचल्यावर तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि लोणी वितळवायला ठेवलं.

शुक्रवारी बैठकीच्या टेबलावर तिनं केक ठेवला. वर नारळ आणि तपकिरी साखरेचा थर, कडा करपलेल्या.

“कुणाचा वाढदिवस?” विभागप्रमुख टॉर्किलनं विचारलं.

“कुणाचा नाही. माझा घोळ आहे.”

आस्गर सुरी घ्यायला उठला होता, तो तसाच थबकला. “परत बोल. मला नीट ऐकू नाही आलं.”

“ऐकू आलंय तुला, मेल्या. बस खाली.” आणि ती उभी राहून सगळं बोलली. काही लपवलं नाही.

टॉर्किलनं तोंडातला नारळ गिळला. “म्हणजे हिवाळाभर तू उंदरांना चुकीचा अर्धा दिलास.”

“हो.”

“आणि त्यानं काहीच झालं नाही.”

“काहीच नाही. ढिम्म.”

“मग तो अर्धा बिनकामाचा आहे, हे इतक्या चिकाटीनं दुसऱ्या कुणी दाखवलंय का?” तो थांबला, आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. “आणि तो आपण विकतोय. विक्रीवाल्यांसमोर हे बोलू नका रे कुणी.”

“काम बंद करायचं का मग?” बोडिलनं विचारलं.

“दुसरा अर्धा देऊन बघ. एकदाच. तरीही उंदीर ढिम्म राहिले तर कपाट आवर.” आणि त्यानं दुसरा तुकडा घेतला. “केक भयंकर झालाय, बोडिल. आस्गरकडून शीक.”

शनिवार-रविवारी तिनं कपाटातल्या मालाची शेवटची पायरी उरकली, सोमवारी तो दिला आणि उंदीर पाण्यात सोडला. आस्गर काही कारण नसताना मागे येऊन उभा राहिला. उंदीर पोहला. भिंतीला नखं लावून घसरला, वळला, पुन्हा पोहला. आधीचे सगळे जिथे अंग सोडून द्यायचे ती वेळ येऊन गेली, तरी हा नाकाचं टोक वर काढून पाय मारतच होता. ठरलेला वेळ संपल्याची घंटा वाजली. बोडिल हलली नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं.

“अगं, काढ ना त्याला,” आस्गर म्हणाला.

तिनं बाह्या न सारताच दोन्ही हात पाण्यात घातले, उंदीर उचलला आणि फडक्यात गुंडाळला. फडक्यातही त्याचे पाय चालूच होते.

“बास कर रे बाबा,” ती त्याला म्हणाली. “कळलं मला. बास.”