हिलाल आप्पांबद्दल दोन शब्द

शोकसभा संध्याकाळी पाचला होती आणि दुपारी दोनपर्यंत उज्ज्वलाच्या वहीत जेमतेम चार ओळी होत्या. आप्पा पंधरा वर्षं नौदलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. पुढं बावीस वर्षं भर समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस उधन्याच्या घरी. मग निवृत्ती. मग मागच्या आठवड्यात हार्ट अटॅक. बापाबद्दल एवढंच बोलायचं? ती उठत होती, बसत होती, लिहिलेलं खोडत होती.

"युद्धात होते असं टाक," योगेंद्र म्हणाला. "आपल्या गाववाल्यांच्या मंडळाची सगळी माणसं येणार आहेत."

"होते का पण?"

"कोण विचारतंय?" म्हणत तिचा भाऊ खुर्च्यांचं बघायला निघून गेला.

तिनं आईला विचारलं. मंगलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माले काय सांगतीन? चौदा दिन घर राहे, त्यामा बी निम्मा गच्चीवर."

तीनच्या सुमारास दारात एक अनोळखी माणूस आला. पन्नाशी ओलांडलेला, घामाघूम. दीपक वानखडे, मूळ अकोल्याचा, आता बारडोलीला खानावळ चालवत होता. "आप्पांच्या प्लॅटफॉर्मवर मी स्वयंपाकी होतो," तो म्हणाला. मग वहीकडे बघून म्हणाला, "लिहिताय का? मग माझं लिहून घ्या."

एकदा गॅस गळती झाली. भोंगा वाजला, सगळे सुटकेच्या बोटीत जमले. मोजले तर एक कमी. दीपक तापाची गोळी घेऊन कोठीच्या खोलीत झोपला होता. साहेबानं बोट सोडायला सांगितली. आप्पा म्हणाले, "मी येईपर्यंत सोडायची नाही," आणि परत आत गेले. त्यांनी दीपकला पाठीवर घेऊन दोन जिने चढवलं. गॅस पेटला नाही म्हणून सगळे वाचले. आप्पांना हुकूम मोडल्याबद्दल मेमो मिळाला.

"माझ्यासाठी जीव धोक्यात कशाला घातला, असं मी नंतर विचारलं. तेव्हा त्यांनी जहाजावरचं सांगितलं."

इंजिनरूमला आग लागली होती. वरचं लोखंडी झाकण बंद करून आत आग विझवणारा गॅस सोडायचा हुकूम झाला; त्यात माणूसही गुदमरतो. झाकण आप्पांनीच लावलं. आत भगवान होता, त्यांच्या शेजारच्या बंकवर झोपणारा, पाचोऱ्याकडचा. झाकण लागल्यावर आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. तोवर गॅस सुटला होता.

उज्ज्वलाचं पेन थांबलं. तिला अभिमान वाटला नाही, आधी राग आला. "तुम्हाला सांगितलं. आम्हाला का नाही?"

"तुम्ही मग त्यांच्याकडे कसं बघाल, याची त्यांना भीती होती," दीपक खाली बघत म्हणाला.

कोपऱ्यातून मंगलाबाई बोलल्या, "तुना बाप घरमा बी माणसं मोजे. जेवाले बसनूत का मोजे, गाडीमा बसनूत का मोजे. माले वाटे, येडा शे."

योगेंद्र मघाच परतला होता, दारात उभा राहून ऐकत होता. "ते झाकणाचं सभेत नको," तो म्हणाला. "लोक म्हणतील, स्वतःच्या मित्राला मारलं."

"सांग तू," मंगलाबाई उज्ज्वलाला म्हणाल्या. "दोन्ही सांग."

पाचला उज्ज्वला वही न घेताच उभी राहिली. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते, त्यावर आवाज चढवून तिनं दोन्ही सांगितलं. मधेच थांबून पाणी प्यायली, पुढं बोलली. मागच्या रांगेतले दोन म्हातारे उठून मंगलाबाईंसमोर हात जोडून गेले.

सगळे गेल्यावर मंगलाबाईंनी दीपकला विचारलं, "त्या भगवानना घरनं कोनी शे का?"

त्याला माहीत नव्हतं. आडनावही आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी मायलेकी उधना स्टेशनवरून जळगावकडच्या गाडीत बसल्या. योगेंद्र पिशवी घेऊन मागून आला आणि आईशेजारी बसला. हातात भगवानच्या घरचा पत्ता नव्हता. एक नाव होतं, एक गाव होतं. उज्ज्वलाचं मन जागेवर नव्हतं. नंदुरबार येईपर्यंत ती पाच वेळा दाराशी जाऊन आली.