आर्लीनसाठी घेतलेलं पिस्तूल

लॉयड हॉस्टेटरने तिसरं पिस्तूलही काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवलं आणि मान हलवली.

"याची पकड चांगली आहे, पण चाप जड आहे. नको."

"अहो लॉयड, दहातले नऊ लोक हेच घेऊन जातात," ट्रॉय म्हणाला.

"ते नऊ जण बिअरचे डबे उडवतात. मला कागदावरच्या काळ्या ठिपक्यात मारायचं असतं. ते आतलं काढ, कुलपातलं."

"त्याची किंमत ऐकली तर बेट्टी तुम्हाला कोठारात झोपायला पाठवेल."

"कोठारात शेगडी आहे. काढ तू."

ट्रॉयच्या दुकानात पुढे बूट, गळाला लावायची गांडुळं आणि हातमोजे, मागे बंदुका. त्याच्या बापाच्या वेळेपासून लॉयड इथेच येत असे आणि इथेच घासाघीस करत असे. आज मात्र त्याने एकदाही भाव विचारला नव्हता. ट्रॉयला ते खटकलं होतं, पण गिऱ्हाइकाला असं कोण विचारणार! त्याने कुलूप उघडलं, पिस्तुलाचा खटका मागे ओढला, आत काडतूस नाही हे आधी स्वतः पाहिलं, मग लॉयडला दाखवलं आणि दिलं.

आयोवातल्या एका छोट्या कारखान्यात हाताने जुळवलेलं ते पिस्तूल होतं. नळी पक्की बसवलेली, गोळी सुटली की आतला खटका तेवढा मागेपुढे जायचा. नळीच्या तोंडाला बारीक आटे होते. वरून ॲल्युमिनियमची खोळ होती, त्यामुळे पुढे वजन असं नव्हतंच.

"रिकामा चाप ओढला तर चालेल?" लॉयडने विचारलं. न विचारता कुणाच्या दुकानात चाप ओढायचा नसतो.

"ओढा की."

लॉयडने उजवा हात लांब केला, डावा खिशात घातला, जुन्या स्पर्धांमधले लोक उभे राहतात तसा उभा राहिला. सत्तरी उलटलेला हात थोडा डुलला, मग स्थिर झाला. चाप कधी सुटला ते बोटाला कळलंच नाही. त्याने पुन्हा ओढला. मग म्हणाला, "आता सायलेन्सर लाव."

ट्रॉयने दुकानातला नमुन्याचा सायलेन्सर फिरवून बसवला. बोटभर जाडीचं काळं नळकांडं पुढे आलं आणि नेम धरायची पुढची माशी त्याच्याआड गेली.

"नेम धरायला वर लाल ठिपक्याची काच बसवावी लागेल. आणि सायलेन्सर घ्याल तो उघडून धुता येणारा घ्या. या गोळ्यांचं शिसं फार साठतं आत."

"आवाज किती येईल?"

"हळू जाणारी गोळी वापरलीत तर फाटकाची कडी पडल्याइतका. कानांवर काही लावायची गरज नाही."

"कान मोकळे राहतील?"

"राहतील."

"आणि ओढ्यापलीकडे?"

ट्रॉयचा हात थांबला. लॉयडच्या ओढ्यापलीकडे कुणाचं घर आहे हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. आता त्याला किंमत न विचारण्याचं कारण कळलं.

"ओढ्यापलीकडे काहीच जाणार नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पण लॉयड, तुम्ही आर्लीनला विचारलंय का?"

"यात विचारायचं काय? चांगल्याच गोष्टीला कुणी नाही म्हणतं का? कागद काढ."

आदल्या वर्षी हरणांच्या हंगामात, पहिल्याच शनिवारी, आर्लीनचा नवरा विल्मर स्वतःच्या अंगणात लाकडं फोडत होता. टेकडीवरून कुणीतरी हरणावर गोळी झाडली, ती हरणाला न लागता विल्मरला लागली. विल्मर आपल्या अंगणात होता, त्याच्या अंगावर शिकाऱ्यांचं लांबून दिसणारं नारिंगी जाकीट कशाला असेल! गोळी झाडणारा खाली उतरून आला नाही, पुढेही कधी आला नाही. त्या वेळी लॉयड ओढ्याच्या अलीकडे, आपल्या कोठारामागे, मातीच्या बांधावर नेहमीचा सराव करत होता. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ होते. आर्लीन त्याच्या नावाने हाका मारत होती. त्याने हातातली गोळ्यांची पेटी संपवली, रिकामी काडतुसं वेचून डब्यात टाकली, मग कान मोकळे केले. तोवर तिचा आवाज बसला होता.

कुणी त्याला बोल लावला नाही. आर्लीननेही नाही. तेच त्याला खात होतं.

सायलेन्सरची सरकारी मंजुरी यायला हिवाळा सरला. बर्फ वितळून ओढा वाहता झाला तेव्हा एका संध्याकाळी लॉयडने कोठारामागे पहिली पेटी फोडली. खट. खट. खट. बांधावरची माती तेवढी उडत होती. झाडावरची चिमणीसुद्धा हलली नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की तो स्वयंपाकघरात शीळ वाजवत शिरला.

"कळलं तुला? कळलं का मी कधी सुरू केलं ते?"

"मला काही कळलं नाही बाई," बेट्टी म्हणाली. "माझं बटाटे सोलणं चाललं होतं. आर्लीनला सांगितलंस का?"

"कशाला? उपकार केल्याचं मिरवल्यासारखं होईल. तिला आपोआप बरं वाटेल."

"मग नेमबाजीच्या क्लबात जा ना रे सरावाला. इतके पैसे ओतायची काय गरज होती?"

"पंचवीस मैल! आणि अंधारात मला समोरची गाडी दिसत नाही, माहीत आहे तुला."

खरं कारण ते नव्हतं. त्या कोठारामागे तो पस्तीस वर्षं उभा राहत आला होता आणि आता विल्मर नव्हता म्हणून तिथून पळून जावं हे त्याला जमेना. बेट्टीला ते ठाऊक होतं. तिने पुढे काही विचारलं नाही, त्याच्यापुढे बटाटे आणि दुसरी सुरी ठेवली.

दोन-तीन आठवडे लॉयड खुशीत होता. मग एका दुपारी टपाल आणायला गेला असताना त्याला पलीकडे आर्लीन दिसली. दोरीवर चादरी वाळत घालत होती. अंगात विल्मरचं नारिंगी शिकारी जाकीट होतं, गुडघ्यापर्यंत येणारं. एप्रिल महिना होता. खोऱ्यात कुणीच शिकार करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच जाकिटात टपालाच्या पेटीपाशी आली. तिसऱ्या दिवशी त्याच जाकिटात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"आर्लीन झोपत नाही म्हणे," बेट्टी तिच्याकडे केक देऊन परत आली ती हेच सांगत आली. "घर विकून इरी शहरात बहिणीकडे जाते म्हणते. पडदे दिवसाढवळ्या ओढलेले. मला वाटलं होतं, हिवाळा गेला की सावरेल. हे उलटंच झालं."

"आता? आता तर सगळं शांत आहे!"

"तेच तर म्हणते मी."

लॉयडने खिडकीतून ओढ्यापलीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी तो मॅगझिनमध्ये गोळ्या भरत होता तेव्हा मागे खडीवर पावलं वाजली. कान मोकळे होते म्हणून ऐकू आलं. त्याने पिस्तूल फळीवर ठेवलं, तोंड बांधाकडे, आणि मागे वळला. आर्लीन उभी होती, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

"म्हणजे झाडतोस तू अजून," ती म्हणाली. "मला वाटत होतंच."

"आर्लीन, बस ना. बेट्टीला कॉफी—"

"कधी आणलंस हे?"

"मंजुरी गेल्या महिन्यात आली. अगं, तुझ्यासाठीच घेतलं. आवाजाचा तुला त्रास होतो म्हणून."

"मी म्हटलं होतं तुला, त्रास होतो म्हणून?"

"नाही. पण बेट्टी सांगत होती, माझा बार ऐकून तुझ्या हातून बशी पडली."

"पडली. मग? दुसरी घेतली मी."

आर्लीनने फळीवरच्या पिस्तुलाकडे पाहिलं, त्या काळ्या नळकांड्याकडे जास्त.

"पोलिसांनी मला काय विचारलं, माहीत आहे? त्या वेळी आणखी कोण गोळ्या झाडत होतं, असं. मी म्हटलं, लॉयड. त्याची टकटक कोठारामागे रोजच्यासारखी चालू होती, तिच्या मधेच टेकडीवरून मोठा बार झाला. म्हणून तुझ्या दारात कुणी आलं नाही."

"माहीत आहे मला."

"काय डोंबल माहीत आहे! या अख्ख्या खोऱ्यात बंदूक नसलेलं घर नाही. प्रत्येकाकडे बघते तेव्हा मनात येतं, हा होता का? दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे. एकट्या तुझ्याबद्दल मी छातीठोक सांगू शकत होते, कारण मी तुला ऐकलं होतं." तिचा आवाज चढला. "संध्याकाळी तुझं सुरू झालं की मी दचकायचे, खरंय. पण कळायचं, लॉयड कोठारामागे आहे, तोंड मातीकडे आहे. संपलं की संपलं. मग मी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर यायचे. आता ते संपतं कधी तेच कळत नाही मला. सकाळपासून संपत नाही."

"मी हे नळकांडं काढून टाकतो. आत्ता काढतो."

"काढलंस तरी ते तुझ्याकडे आहे हे मला माहीत आहे ना आता."

"मग सोडूनच देतो सगळं."

"आणि आज सोडलंस हे मला कोण सांगणार?"

लॉयड फळीला टेकला. इतका विचार करून, चाप बघून, वजन बघून, पै न् पै मोजून घेतलेली वस्तू, आणि या बाईच्या डोळ्यांत आपल्याविषयी जो एवढासा विश्वास उरला होता तोच आपण ती विकत घेऊन घालवून बसलो. त्याला रडावंसं वाटलं.

"काय करू सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील ते करतो."

लग्नानंतरची कित्येक वर्षं आर्लीन विल्मरबरोबर क्लबात जायची, गुण मांडायला बसायची. तिथले सगळे नियम तिला पाठ होते.

"ओरडत जा," ती म्हणाली. "क्लबात ओरडतात तसं. झाडण्याआधी विचारायचं असतं ना? माझ्या घरापर्यंत पोचेल असं विचार. त्या दिवशी कुणी विचारलं नाही."

एवढं बोलून ती पुलावरून परत गेली. ती दारात शिरेपर्यंत लॉयड तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मॅगझिन भरलं, पिस्तूल फळीवर ठेवलं आणि ओढ्याकडे तोंड केलं. एकट्या माणसाने असं ओरडायचं म्हणजे वेड्यासारखंच. त्याने घसा साफ केला.

"लाइन तयार आहे का? उजवीकडे तयार! डावीकडे तयार?"

बांधाकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे ती. मग तिच्या व्हरांड्यातून उत्तर आलं, स्पष्ट, क्लबात येतं तसंच.

"तयार नाही!"

रांगेत पन्नास जण उभे असोत की एक, कुणीही एकाने तयार नाही म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं असतं. त्यात वाद नसतो, कारणही कुणी विचारत नाही. लॉयडने मॅगझिन काढलं, खटका मागे ओढून उघडा ठेवला आणि बाकावर बसला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. अंधार पडू लागला तसा तो पिस्तूल घेऊन घरात आला आणि त्याने ते कपाटात ठेवलं.

मग रोजचंच झालं. तो विचारायचा, ती नाही म्हणायची. आयोवाच्या त्या पिस्तुलातून पुन्हा एकही गोळी सुटली नाही. बेट्टी पहिले काही दिवस चिडली. "अरे, ती कधीच हो म्हणणार नाही. दिसत नाही का तुला?" लॉयड म्हणायचा, "दिसतं." पण आर्लीनच्या खिडकीचे पडदे आता दिवसा उघडे असायचे. घर विकायची गोष्ट तिने पुन्हा काढली नव्हती. ते पाहून बेट्टीने बोलणं सोडलं.

जूनमध्ये बेट्टीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन परत यायला त्यांना उशीर झाला. दिवस मावळत आला होता. लॉयडला सपाटून भूक लागली होती, तो बूटही न काढता टेबलाशी बसला. बेट्टीने कालचं सूप गरम करून वाढलं. त्याने पावाचा तुकडा बुडवला तोच ओढ्यापलीकडून आवाज आला.

"तयार नाही!"

त्याने पाव खाली ठेवला; आज त्याने विचारलंच नव्हतं.

"लॉयड! ऐकतोयस ना? मी तयार नाही! मी बाहेर आहे, लॉयड!"

आवाज फाटत चालला होता. लॉयड खुर्ची पाडून उठला, दार ढकलून अंगणात धावला, कुंपणाला जाऊन धडकला. पलीकडच्या धूसर उजेडात दोरीपाशी नारिंगी जाकीट दिसत होतं, हलत नव्हतं.

"कपाटात आहे, आर्लीन! आज बाहेर काढलंच नाही! कपाटात आहे!"

तिला तो दिसत होता की नाही कोण जाणे. लॉयडने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले, तळवे तिच्याकडे करून.

बेट्टी मागून त्याचा कोट घेऊन आली. "बघितलं तिने. चल आता आत, सूप गार होतंय."

"ती अजून आत गेली नाही," लॉयड म्हणाला आणि हात तसेच वर धरून उभा राहिला.