पहिल्या फेरीत पास

वार्षिक तपासणी जवळ आली की ओमानातल्या सीब शहरातल्या एका केटरिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एकच धांदल उडायची. डबे पोचवणाऱ्या मोटरसायकली, सगळ्या एकाच मॉडेलच्या, वर्षभर उन्हातान्हात राबून खिळखिळ्या झालेल्या असत. पण वर्कशॉपचे इन्चार्ज जनार्दन परब निश्चिंत असायचे. मूळचे कुडाळचे, निम्मं आयुष्य ओमानात गेलेलं. त्यांच्याकडे एक युक्ती होती. नवे टायर आणि ब्रेकचं नवं सामान त्यांनी कपाटात जपून ठेवलं होतं. एका गाडीला ते चढवायचं, तपासणी केंद्रावर न्यायची, पास झाली की उतरवून दुसरीला चढवायचं. सगळ्या गाड्या पार पडल्या की चांगला माल पुन्हा कपाटात आणि झिजलेला पुन्हा गाड्यांवर!

दरवर्षी सगळ्या गाड्या पहिल्या फेरीत पास. कंपनीचे ओमानी मालक, सगळे त्यांना अर्बाब म्हणत, एकदम खूश. हळूहळू ओळखीच्या मंडळींत त्या मॉडेलचंच नाव झालं. कुणाला दुचाकी घ्यायची असली की तो जनार्दनना फोन करी.

२०१६ साली असाच सिराजचा फोन आला. सिराज रत्नागिरीकडचा. लग्नाआधी दोघं एकाच खोलीत राहिले होते, एका ताटात जेवले होते. आता सिराजचं ओमानातल्याच इब्री गावात छोटं किराणा दुकान होतं.

"जनार्दनभाऊ, तुमची कंपनी जुन्या गाड्या विकायला काढतेय म्हणे. एक घेऊ का? तपासणीत कशी आहे?"

"डोळे झाकून घे. दरवर्षी पहिल्या फेरीत पास!"

सिराजसाठी ठरलेली गाडीही पास झाली. आणि सवयीप्रमाणे तिचंही चांगलं सामान उतरवलं गेलं. सिराज गाडी टेम्पोत चढवून न्यायला आला, तेव्हा जनार्दनच्या मनात आलं, याला सांगावं. पण सांगितलं असतं तर युक्ती उघडी पडली असती. "सावकाश चालव रे," एवढंच ते म्हणाले.

थोड्याच आठवड्यांनी साबेराचा, सिराजच्या बायकोचा, रडत फोन आला. मुलीला, उमामाला, शाळेतून आणताना उतारावर गाडी थांबेचना. समोर शाळेची बस उभी होती. सिराजने गाडी रस्त्याच्या कडेला दगडांत घातली. त्याचा पाय मोडला, उमामाचा हात मोडला आणि कपाळाला टाके पडले.

शुक्रवारी जनार्दन आणि त्यांची पत्नी प्रेमा इब्रीच्या इस्पितळात पोचले. सिराजने पडल्या पडल्याच हात पुढे केला.

"भाऊ, तुमची गाडी चांगलीच होती. मीच नीट चालवली नाही. पोरीला माझ्यामुळे लागलं."

"मी किती वेळा सांगितलं यांना, दुकानाच्या घाईत गाडी हाणू नका म्हणून!" साबेरा डोळे पुसत म्हणाली.

सिराजने मान खाली घातली. कपाळावर पट्टी बांधलेली ती पोर बापाशेजारी बसली होती. तिच्याकडे बघण्याची जनार्दनची छाती होईना. "येतो आम्ही," म्हणून ते जवळजवळ पळतच बाहेर आले.

गाडीत बसल्यावर प्रेमाने विचारलं, "अहो, झालंय काय तुम्हाला?"

त्यांनी सगळं सांगितलं. प्रेमा म्हणाली, "तपासणी कुणासाठी असते हो? त्या केंद्रावरच्या माणसासाठी? तो काय तुमच्या गाडीवर बसणार आहे?"

"अगं, सगळेच करतात. अर्बाब सामानाला पैसे सोडत नाही."

"तुम्ही कधी मागितलेत? सगळ्या गाड्या दरवर्षी पास होताना त्याला कळणार कसं? आणि आत तो माणूस स्वतःला दोष देतोय, बायकोची बोलणी खातोय. तेही तुम्ही त्याच्यावरच ढकलून जाणार?"

जनार्दनना भर दुपारी तोंड लपवावंसं वाटलं. पण ते उतरले आणि पुन्हा आत गेले. सिराजच्या पलंगापाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. साबेराने पदर तोंडावर घेतला.

उमामा तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "अंकल, ब्रेक खराब आहे, यू न्यू? तुम्हाला माहीत होतं?"

"हो बाळा. माहीत होतं."

अरेरे! आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्लेल्या त्या माणसाला या एका प्रश्नाने जमिनीत गाडल्यासारखं झालं.

सिराज भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाला, "जा तुम्ही. आता जा."

पुढच्या तपासणीला जनार्दननी कपाट उघडलं नाही. गाड्या होत्या तशा नेल्या. जवळजवळ सगळ्या नापास! अर्बाब कडाडला, "जनार्दन, इतकी वर्षं पास होत होत्या, आजच काय झालं?"

"अर्बाब, खरी तपासणी आज पहिल्यांदाच झाली," ते म्हणाले आणि नोकरी गेली असं समजून त्यांनी सगळं कबूल केलं. अर्बाब खूप बोलला. "माझ्या माणसांना तू अशा गाड्यांवर बसवलंस?" असंही त्याने विचारलं. पण नोकरी राहिली. प्रत्येक गाडीला नवे टायर, नवे ब्रेक आले. ज्यांना ज्यांना त्यांनी ते मॉडेल सुचवलं होतं, त्या एकेकाला फोन करून जनार्दननी सांगितलं, "गाडी दाखवून घ्या. माझ्या शब्दावर जाऊ नका."

सिराज लंगडत का होईना, चालू लागला. जनार्दनचा फोन तो उचलतो, पण पूर्वीसारखं 'भाऊ' अजून म्हणत नाही. जनार्दनही त्याची मागणी करत नाहीत.

वाचकहो, आपल्यालाही कुठे ना कुठे असं 'पास' व्हायची सवय असते. तपासणारा समोर असेपर्यंत सगळं नीट, त्याची पाठ फिरली की पुन्हा जुनंच! आपण फसवतो तपासणाऱ्याला, आणि हात मोडतो कुठल्यातरी लहान मुलीचा. म्हणून गाडी रस्त्यावर काढण्याआधी एकदा मनाला विचारा: हिच्यावर मी माझ्या पोरीला बसवीन का? उत्तर देताना जीभ अडखळली, तर ती गाडी नापास समजा.