तीन बोटांचे ठसे

घरातली महत्त्वाची कागदपत्रं कुठे ठेवायची, हे प्रत्येक घराचं ठरलेलं असतं. सुमिराहच्या घरात ती बिस्किटांच्या लाल पत्र्याच्या डब्यात असत, कपाटावर, सहज हाताला लागणार नाहीत अशी. मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, थोरल्या गालिहच्या पासपोर्टची नक्कल. त्या डब्यात एकच कागद नव्हता. धाकट्या लिंतांगचं शाळा पास झाल्याचं मूळ प्रमाणपत्र.

आणि लिंतांगला नेमकं तेच शुक्रवारपर्यंत हवं होतं.

लिंतांग तेवीस वर्षांची. क्लातेनजवळच्या गावातून ती रोज मोटारसायकलने सोलो शहरात जायची, बाटिक कापडाच्या एका मोठ्या दुकानात. तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागताना मालकिणीने तिचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं होतं. दोन वर्षांचा करार होता आणि मुली मध्येच पळून जातात, असं मालकिणीचं म्हणणं. गावातल्या निम्म्या पोरांची प्रमाणपत्रं अशीच कुठल्या ना कुठल्या मालकाच्या कपाटात पडून होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगंही वाटत नसे. करार संपला त्यालाही वर्ष झालं. लिंतांगने चारदा मागून पाहिलं. कधी कपाटाची किल्ली हिशेबनीस बाईकडे असे, कधी त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, कधी दुकानाची डागडुजी निघालेली. चौथ्यांदा उत्तर मिळालं, "सणानंतर बघू."

अशात बांडुंगहून पत्र आलं. कपडे बेतण्याचा दोन वर्षांचा सरकारी अभ्यासक्रम, राहणं-जेवण फुकट, वर दरमहा हातखर्च, आणि शेवटी नोकरी. निवडलेल्या चाळीस जणांत लिंतांगचं नाव होतं. अट एकच होती, शुक्रवारी मूळ प्रमाणपत्र दाखवायचं. नाही दाखवलं तर जागा पुढच्याला.

"काय पण बाई आहे!" सुमिराह आंबवलेल्या सोयाबीनचे तेंपे तळता तळता कडाडली. "दुसऱ्याच्या लेकराचं नशीब कपाटात कोंडून ठेवते. अगं, वर देव बघतोय म्हणावं!"

"उद्या परत मागते, इबू," लिंतांग आईला म्हणाली.

"माग, न्दुक, माझ्या पोरी. पण गोडीत माग. भांडू नकोस. आणि नाहीच दिलं तर... नाही आपल्या नशिबात, असं समजायचं. इथे तरी काय वाईट चाललंय?"

आई आपल्यासाठी अशी चिडते, याचा लिंतांगला मोठा आधार वाटायचा.

शेजारी बू कुस्नियाह राहत. निवृत्त शिक्षिका, सगळं गाव त्यांना बू गुरू, म्हणजे शिक्षिकाबाई, म्हणे. त्यांचं अक्षर इतकं देखणं की तीस वर्षं शाळेच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर मुलांची नावं त्यांनीच काळ्या शाईने लिहिली. लिंतांगची हकिगत ऐकून त्यांनी सोलत असलेल्या भुईमुगाच्या शेंगा बाजूला सारल्या.

"चारदा मागितलंस? मग पाचव्यांदा मी मागते. हेल्मेट दे इकडे."

दुकानाची मालकीण बू हार्तिनी तशी बोलायला गोड. तिने दोघींना चहा दिला, बू गुरूंच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मग प्रमाणपत्राचा विषय निघताच किल्ल्या शोधू लागली.

"शोधा, शोधा," बू गुरू म्हणाल्या. "मला घाई नाही. कामगार कचेरी दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि मला पेन्शन आहे. तक्रारअर्ज मी स्वतःच्या हाताने लिहीन. माझं अक्षर वाचता आलं नाही असं आजवर एकाही साहेबाने म्हटलेलं नाही."

बू हार्तिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे चोर मीच ठरले! अहो, घरी विचारा की आधी!"

"घरी काय विचारायचं?" लिंतांगने विचारलं.

"करार संपला त्याच आठवड्यात मी तुझं पाकीट काढून ठेवलं होतं. तुझी आई आली, केळ्यांचा घड घेऊन. हात जोडून म्हणाली, थोरला कामासाठी बाताम बेटावर गेला तो तिकडचाच झाला, हिच्या हातात कागद पडला की हीसुद्धा उडून जाईल. तुम्हीच ठेवून घ्या, बू. वर म्हणाली, मी घरी तुमच्या नावाने बोटं मोडीन, ते मनावर घेऊ नका."

लिंतांगने चहाचा कप खाली ठेवला.

"करारावर हमीदार म्हणून सही आईची आहे," मालकीण पुढे म्हणाली. "तिने येऊन सांगावं, या क्षणी देते."

"आईने सांगितलं म्हणून मुलीची वस्तू दडवायची नसते, बू हार्तिनी," बू गुरू उठत म्हणाल्या. "केळी खाल्लीत, त्यात तुमचाही वाटा आला. मी परत येणार आहे."

लिंतांगने बू गुरूंना मागे बसवून मोटारसायकल थेट घराकडे काढली.

मोटारसायकलचा आवाज ऐकून सुमिराह दारात आली. "नाही ना दिलं? मला ठाऊकच होतं! त्या बाईच्या जिवाला जराही..."

"केळी परसातली होती का, इबू?" लिंतांगने शांतपणे विचारलं. "की मुद्दाम बाजारातून आणलीस?"

सुमिराह पायरीवर बसली.

"वर्षभर मी रडत घरी यायचे. तू माझ्या डोक्याला तेल लावायचीस आणि तिला शिव्या द्यायचीस. खरं सांग, त्या शिव्या कुणाला होत्या?"

"मी काय करू गं?" सुमिराहचा आवाज चिरकला. "तुझ्या पगारावर घर चालतं. आजीची औषधं तू आणतेस. गालिहचा फोन आधी रोज यायचा, मग आठवड्याने, आता सणाला येतो. जो भेटेल तो विचारतो, मुलीचं लग्न कधी? तू इथे असलीस तर निदान..."

"मग हे मला सांगायचंस ना! मला एकटं वाटतं, जाऊ नकोस, एवढंच म्हणायचंस. कदाचित मी राहिले असते. आता तेही कधी कळणार नाही. तू मला विचारलंच नाहीस!"

ती तशीच वळली आणि दुपारच्या पाळीला निघाली. बाहेर पडताना आईचा हात कपाळाला लावायचा, हे ती चालायला लागल्यापासून कधी चुकली नव्हती. त्या दिवशी सुमिराहचा हात पुढे झाला आणि हवेतच राहिला.

बू गुरू पायरीवर सुमिराहच्या शेजारी टेकल्या.

"बोला, बू गुरू. तुम्हीही बोला. मी वाईट आई आहे."

"वाईट असतीस तर केळी नेली नसतीस, उलट तिच्याकडून पैसे घेतले असतेस. तू घाबरलेली आई आहेस." बू गुरूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण भीतीपायी केलेली फसवणूकही फसवणूकच असते. त्या प्रमाणपत्रावर काय आहे, आठवतंय तुला?"

"नाव. फोटो."

"आणि फोटोवर डाव्या हाताच्या तीन बोटांचे ठसे. तिची बोटं शाईत बुडवून मीच दाबली होती. पोर इतकी थरथरत होती की मला मनगट धरावं लागलं. हे ठसे का घेतात? हा कागद हिचाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही, हे कळावं म्हणून! आणि आपण काय करतो? मालकाने मागितला की देऊन टाकतो. मीसुद्धा मुलांना सांगत आले, कागद जपून ठेवा. कुणालाही देऊ नका, हे सांगायचं मात्र राहून गेलं."

सुमिराह डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होती.

"आपण या पोरांना म्हणतो, घर चालवा, म्हाताऱ्यांना बघा, वेळेत लग्न करा, मोठे व्हा. आणि गावही सोडू नका! अगं, एका पाठीवर किती लादायचं? ओझं लादलं तर लादलं, पण ते उचलणाऱ्याच्या पायात चोरून दोरी तरी बांधू नये."

सुमिराहने डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग म्हणाली, "सोलोची बस किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी गुरुवारी लिंतांगची पाळी संपायच्या आत सुमिराह एकटी दुकानात गेली. सगळ्या नोकर मुलींच्या देखत ती म्हणाली, "बू हार्तिनी, माझ्या सांगण्यावरून ठेवलेला कागद परत द्या. मी चुकले. तुम्हीही चुकलात." मग पाकीट स्वतःजवळ न ठेवता तिने ते तिथेच लिंतांगच्या हातात दिलं.

"उघडून बघ. पुन्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही."

लिंतांगने उघडलं. तीन जांभळट ठसे जागच्या जागी होते. तिने पाकीट पिशवीत घातलं.

संध्याकाळी स्टेशनवर बांडुंगची गाडी लागली. लिंतांग सवयीने आईच्या हाताकडे वाकली, पण सुमिराहने हात मागे घेतला.

"आज नको, न्दुक. मनापासून वाटेल तेव्हा कर."

बांडुंगहून फोन यायचे, पण लहान. जेवलीस का, आजीने औषध घेतलं का, ठेवते. सुमिराह तक्रार करायची नाही. आणि बू हार्तिनीच्या कपाटातून त्या महिन्यात आणखी अकरा मुलींची पाकिटं बाहेर आली. बू गुरूंनी सांगितल्याप्रमाणे दुसरी खेप केली होती, अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून!

रोजे संपून ईद आली तेव्हा लिंतांग घरी आली. ईदेच्या सकाळी मुलांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. आई खुर्चीत बसते, मुलं खाली. त्या सकाळी लिंतांग पुढे झाली, तर खुर्ची रिकामी! सुमिराह चटईवर गुडघे टेकून बसली होती.

"इबू, हे काय! ऊठ!"

"वर्षानुवर्षं तुम्ही मुलांनीच मागितली. यंदा चूक माझी आहे, तर माफी कोण मागणार? तुझ्या विश्वासाला मी दगा दिला, न्दुक. मला माफ कर."

लिंतांगही चटईवर बसली, आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून.

"अजून राग आहे, इबू," ती म्हणाली. "खोटं बोलणार नाही."

"नकोच बोलूस. घरात खोटं बोलणारी एक झाली तेवढी पुरे."

लिंतांगला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने आईचा हात ओढून कपाळाला लावला.

लाल डबा अजूनही त्या कपाटावर आहे. लिंतांगचं प्रमाणपत्र त्यात नाही. ते बांडुंगला तिच्या पेटीत असतं, आणि फोन आता रोज येतो.

आपल्यापैकी कुणी मालक असेल, कुणी आईबाप. तरुण माणसांना जवळ ठेवावंसं वाटणं यात गैर काही नाही. पण जवळ ठेवायचं असेल तर त्यांचा हात धरावा आणि मोकळेपणाने सांगावं, "राहा." त्यांचा कागद धरून ठेवू नये. कागद धरला की माणूस अडकतं, पण आपलं राहत नाही!