चौघींचं कुंकू

ग्लासगोच्या आमच्या घरात जिन्याजवळ एक उभं घड्याळ आहे. माझ्यापेक्षा उंच, जुनं, स्कॉटिश. माझी बायको लीलावती फेब्रुवारीत गेली. मार्चमध्ये मुलगा अनुप लंडनच्या हाउन्सलोहून आला आणि घड्याळाकडे बघून म्हणाला, "बाबा, हा घड्याळ माझ्या फ्लॅटमध्ये नाही मावणार. सीलिंग लो आहे."

मी मावतो, हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. आधी घड्याळ विकायचं, मग घर विकायचं, मग मला त्याच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, ठेवायचं.

घड्याळ बघायला लिलाववाल्यांचे तज्ज्ञ आले, मिस्टर ड्रमंड. त्यांनी लाकडावरून असा काही हात फिरवला की मीच दुसरीकडे बघितलं.

"आत साधं पाइन," ते कुजबुजले, "आणि वर मॅहॉगनीचा पातळ पापुद्रा. लाकडाच्या रेषा कशा जुळवल्यात बघा!"

वरून भारी, आतून साधं. अशी माणसं मला आमच्या मराठी मंडळात पुष्कळ भेटली आहेत, पण त्यांच्यापुढे कुणी कुजबुजत नाही.

मग त्यांनी वरची काच उघडली. तबकडीच्या चार कोपऱ्यांत चार बायका रंगवल्या आहेत, चार ऋतूंच्या. दर नवरात्रात लीलावती स्टुलावर चढून चौघींना कुंकू लावायची. बायका आपल्याच घरात राहतात, त्यांची कपाळं कोरी कशी ठेवायची, असं तिचं म्हणणं. हिवाळ्याची म्हातारी शाल पांघरून शेकोटीशी एकटी बसलेली आहे. मंडळाच्या कस्तुरीवहिनींनी एकदा हळूच विचारलं, "अगं, ही विधवा असली तर?"

"नवरा लाकडं आणायला गेलाय. येईल," लीलावती म्हणाली. वहिनींना चहाचा ठसका लागला.

ड्रमंडनी नाक तबकडीला लावलं. "लाल डाग. हे मूळ काम नाही. कुणीतरी खराब केलंय."

"सॉरी, माझ्या आईनं," अनुप म्हणाला. जणू ती भिंतीवर रेघोट्या ओढायची.

मी चहा टाकायला आत गेलो. कप घेऊन बाहेर आलो तर ड्रमंड कापूस लावलेली काडी जिभेवर फिरवत होते आणि वसंताच्या बाईचं कपाळ पुसत होते.

"हे काय चाललंय?"

"थुंकी," ते अभिमानानं म्हणाले. "सगळ्यात सौम्य उपाय. म्युझियममध्येसुद्धा हेच करतात."

वसंताचं कपाळ कोरं झालं होतं. त्यांनी नवी काडी तोंडात घातली. मी कप खाली ठेवले, काच लावली, कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

"अनुप, तुझ्या आईनं उष्टा चमचा कधी बरणीत जाऊ दिला नाही. आणि तू या माणसाला तिच्या कुंकवावर थुंकू दिलंस?"

"बाबा, इट्स जस्ट अ स्टेन!"

"डाग असता तर तुझ्या आईनं ठेवला असता?"

ड्रमंडनी घसा साफ केला. "तिघी राहिल्यात. डाग असेच राहिले तर आम्हाला हे लिलावात घेता येणार नाही."

"उत्तम."

"मग हाउन्सलोचं काय?" अनुपनं विचारलं.

"छत उंच करून घे. आम्ही दोघं येतो."

ड्रमंडनी पेन काढलं आणि त्यांच्या कागदावर तबकडीच्या अवस्थेबद्दल काय लिहू, असं विचारलं.

"लिहा," मी म्हणालो, "एका कोपऱ्याचं नुकसान, तज्ज्ञाच्या थुंकीनं."

चहा न पिताच ते गेले.

अनुप उठला, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. "स्प्रिंगच्या बाईला परत लावू या? तुम्ही लावा."

"नको," मी म्हणालो. "त्या चौघींची ओळख तुझ्या आईशी होती. माझ्याशी त्या कधी बोलल्या नाहीत."