गुडघ्यांची प्रश्नावली

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आपल्या औषधांच्या दुकानात इनास गोळ्यांचे डबे लावत होती. तेवढ्यात निवृत्त भूगोलशिक्षक रिफअत मास्तर मोबाईल नाचवत आत आले.

"डॉक्टरीणबाई, रुक्बान गोळ्या द्या. या साइटवर दहा प्रश्नांची उत्तरं दिली, तर म्हणे माझे गुडघे गेले!"

"काल तर तीन मजले धाडधाड चढून माझ्या आईशी भांडायला आला होतात," इनास म्हणाली. पण तिचं कुतूहल चाळवलं. तिने फोन घेतला आणि स्वतःच उत्तरं भरली: वय नऊ, दुखणं नाही, दिवसभर उड्या. लगेच निकाल आला, 'लक्षणं अजून लपलेली आहेत. रुक्बान सुरू करा.'

"लहान लेकरांनाही सोडत नाहीत मेले!" ती म्हणाली.

मग तिने आपल्या मांजरीची उत्तरं भरली. मांजरीलाही रुक्बानच.

आता हे लिहिणारा दीडशहाणा कोण, हे तिला बघायचंच होतं. ती पान खाली सरकवत गेली. तळाशी बारीक अक्षरांत होतं, 'माहिती तपासणाऱ्या: डॉ. इनास शलबी, फार्मसिस्ट, तांता.'

तिला गेल्या हिवाळ्यातलं औषध कंपनीचं जेवण आठवलं. ती कोफ्त्यावर ताव मारत असताना कंपनीच्या माणसाने हजेरीचा म्हणून एक कागद पुढे केला होता. तिने हात पुसून, न वाचताच सही ठोकली होती.

"असल्या साइटवर माझा काडीचा विश्वास नाही," मास्तर म्हणाले. "पण मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तिथे तुमचं नाव दिसलं, म्हणून तर आलो. द्या, दोन डबे द्या."