अकरा घरांचे ‘वरीलप्रमाणे’

मित्रांनो, मी जुनी आहे हे माझ्या कोपऱ्यांकडे पाहिले की तुम्हाला कळेलच. मी एक पाटी आहे. पण माझ्यावर कुणी मुळाक्षरे गिरवली नाहीत, की मला कुणी दुकानावर टांगले नाही. माझे काम फिरण्याचे. दोन जाड पुठ्ठे, त्यांवर हिरवे रेक्झिन, वर लोखंडी चिमटा आणि टांगायला एक दोरी, एवढाच माझा संसार. जपानमध्ये मला काइरानबान म्हणतात. गल्लीच्या सूचना माझ्या चिमट्यात अडकवून मला पहिल्या घरी देतात. त्या घराने सूचना वाचायची, सही करायची आणि मला शेजारच्या दारी पोचवायचे. शेवटचे घर आले की माझी फेरी पुरी होते.

ओसाकाच्या एका कारखान्यात मी जन्मले. माझ्या बहिणी नागोयाला आणि टोकियोला गेल्या, मी आले त्सुकुबाला. हे गाव संशोधनसंस्थांचे. कोणत्या वारी कोणता कचरा, आगीचा सराव कधी, कुणाचे मांजर हरवले, हे सारे मी दारोदार नेले. ते मांजर सापडल्याची सूचनाही माझ्यावरूनच गेली, तो माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस होता.

आमच्या गल्लीतल्या दोन इमारतींत अकरा मराठी घरे होती. कुणी शास्त्रज्ञ, कुणी पीएच.डी. करणारे, कुणी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमागे आलेले. त्यांचे एक मंडळ होते आणि मंडळाचे अध्यक्ष होते उल्हासराव बर्वे. वय अठ्ठावन्न, धातूंचा अभ्यास करणारे, बोलणे कमी आणि धावपळ जास्त. नवे कुटुंब आले की बसथांब्यावर हेच हजर. कचरा वेगळा कसा करायचा, हे हेच शिकवत. नव्या घरांसाठी त्यांनी मराठीत एक पान लिहिले होते. त्यात माझ्याबद्दलही दोन ओळी होत्या : ‘फिरती पाटी हातात आली की सही करून त्याच दिवशी पुढच्या दारी द्यावी. घरात कुणी नसल्यास दाराच्या कडीला लटकवावी. पाटी अडवून ठेवू नये.’ माझ्याबद्दल इतक्या मायेने कुणी लिहिले नव्हते. मला फार बरे वाटायचे.

मग २०११ चा मार्च आला. भूकंप झाला तेव्हा मी गल्लीतल्या वयस्कर मोरी-सानच्या दारात होते. त्यांचे चपलांचे कपाट माझ्यावर कोसळले. माझा एक कोपरा तुटला आणि चिमट्याची स्प्रिंग कायमची सैल झाली. पण माझे दुःख कोण विचारतो? पाणी गेले, दिवे गेले, गाड्या बंद पडल्या, पेट्रोलसाठी रांगा लागल्या. त्यातच फुकुशिमाच्या बातम्या येऊ लागल्या आणि माणसे खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावू लागली.

पंधरा मार्चला सकाळी उल्हासराव आणि सुप्रभाताई दोन बॅगा घेऊन निघून गेले. कुणाला सांगितले नाही, कुणाला फोन केला नाही. मंडळाच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात होती, ती त्यांच्याबरोबर पुण्याला गेली. त्या खोलीत मोठी शेगडी, गॅसची टाकी, दोन पातेली आणि पाण्याच्या तीस बाटल्या होत्या. मागे राहिलेल्या घरांनी त्या कुलपासमोर उभे राहून हात चोळले. आठवडाभर कोनबिनीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातले, उरलेसुरले पाव खाऊन दिवस काढले. लोक चिडले, आणि का चिडू नये?

एप्रिल संपता संपता बर्वे परत आले. कुणी त्यांच्याशी बोलेना. त्यांनी किल्ली मंडळाच्या खोलीच्या दाराला लावून ठेवली आणि मान खाली घालून जाऊ-येऊ लागले. त्याच दिवसांत गल्लीने नवी पाटी घेतली आणि मोरी-सानने मला कचऱ्याच्या जागी ठेवले. पण तिथेही माझा निकाल लागेना. पुठ्ठा म्हणून जळणाऱ्या कचऱ्यात ठेवले, तर चिमट्यामुळे मला परत ठेवून गेले. लोखंड म्हणून दुसऱ्या वारी ठेवले, तर पुठ्ठ्यामुळे परत. माझ्या अंगावर नकाराच्या लाल चिठ्ठ्या जमू लागल्या. मी नेमका कोणता कचरा आहे, हे मलाही कळेनासे झाले. अशा वेळी उल्हासराव तिथून चालले होते. ते थांबले. त्यांनी मला उचलले, रुमालाने पुसले आणि मंडळाच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवले. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झाले ते ऐकताना लक्षात ठेवा.

जूनमध्ये गणपतीच्या तयारीची बैठक बसली. बर्व्यांना बोलावलेच नव्हते. रणजित नावाचा तिशीतला अभियंता सगळ्यांत तापलेला.

“मोठमोठ्या देशांत अध्यक्षावर महाभियोग चालवतात,” तो म्हणाला. “आपणही चालवू. पण आधी लोकांचा कौल घेऊ, म्हणजे कुणी म्हणायला नको.”

नंदिनी संख्याशास्त्राची. जनमत चाचण्या हाच तिचा अभ्यास. ती म्हणाली, “घ्यायचा तर नीट घे. बंद चिठ्ठ्या, प्रत्येकाची वेगळी.”

“अगं, अकरा घरं आहेत, अमेरिका नाहीये. ही पाटी आहे ना, फिरवू दारोदार. तू शेवटचं घर, मोजणी तुझ्याकडे.”

“आणि प्रश्न कोण लिहिणार?”

“लिहिलाय मी.”

त्याने वाचून दाखवला : ‘संकटात मंडळाला वाऱ्यावर सोडून पळालेल्या अध्यक्षांना पदावरून दूर करावे असे आपणास वाटते का?’

“अरे, उत्तर तूच देऊन टाकलंस की,” नंदिनी हसली. पण तिनेही पुढे ताणले नाही. आणि तो कागद माझ्या चिमट्यात बसला. ज्यांनी मला कचऱ्यातून उचलले, त्यांच्याच विरुद्धचा कौल मी घरोघर न्यायचा! मला काही सुचेना. पण पाटीला कोण विचारतो?

आठवे घर बर्व्यांचे. ते सोडून पुढे जायचे, म्हणून रणजितने एक पिवळी चिठ्ठी लावली : ‘सातनंतर थेट नऊ.’ पहिले घर त्याचे स्वतःचे. त्याने ठसठशीत लिहिले : ‘होय. किल्ली घेऊन गेले. साधा फोन नाही.’

दुसऱ्या घरात नवराबायकोंनी चहा पिता पिता ते वाचले. “बर्वेकाकांनी आपल्याला हीटर दिला होता पहिल्या थंडीत,” बायको म्हणाली. “हो, पण रणजितने लिहिलंय ना. आपण कशाला वेगळं?” नवरा म्हणाला, आणि त्याने लिहिले : ‘वरीलप्रमाणे.’ तिसऱ्या घराने दोन ओळी पाहिल्या आणि लिहिले ‘वरीलप्रमाणे’. चौथ्याने तीन पाहिल्या. पाचव्याने आणि सहाव्याने तर प्रश्नही वाचला नाही. माझा गोंधळ वाढत चालला. हा सहा घरांचा कौल होता, की एकाच घराचा कौल सहा वेळा? मी अडाणी पाटी, मला काय कळणार?

सातव्या घरी लक्ष्मण आणि गीता. गीता लग्न होऊन दोनच आठवड्यांपूर्वी आली होती. लक्ष्मण प्रयोगशाळेत निघता निघता म्हणाला, “ते पाटीवर वरीलप्रमाणे लिही आणि दे पुढे. फार विचार नको करू.” गीताने सुंदर अक्षरात लिहिले. ती मला घेऊन बाहेर आली. गॅलरीत वारा होता. पिवळी चिठ्ठी चिमट्यातून सुटली आणि भिरभिरत खाली गेली. मी तिला धरून ठेवू शकले नाही, मित्रांनो. माझी स्प्रिंग तिला धरण्याइतकी राहिलीच नव्हती.

गीताला चिठ्ठीबद्दल काहीच ठाऊक नव्हते. अध्यक्ष कोण, हेही तिला ठाऊक नव्हते, कारण मंडळाच्या बैठकीला ती अजून एकदाही गेली नव्हती. तिला ठाऊक होते ते नव्या घरांसाठीचे ते मराठी पान, जे तिने शाळेतल्या धड्यासारखे पाठ केले होते. ती शेजारच्या दारी गेली. घंटेला उत्तर आले नाही, म्हणून तिने मला कडीला लटकवले आणि पुन्हा एकदा तपासून घरी गेली. दारावर नाव होते, बर्वे.

उल्हासरावांच्या पुढे चालत सुप्रभाताई बाजारातून आल्या. त्यांनी उभ्या उभ्याच कागद वाचला आणि पिशवी खाली ठेवली.

“अहो, इकडे या. आपल्याबद्दल आहे.”

उल्हासरावांनी चष्मा लावला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

“फाडून टाका ते!” सुप्रभाताईंचा आवाज चिरकला. “सहा वर्षं ह्यांची गाठोडी उचललीत तुम्ही. हा रणजित, ह्याला तर दवाखान्यात नेऊन चार दिवस उशाशी बसला होतात.”

“किल्लीचं खरं आहे गं.”

“मग? फासावर देणार का किल्लीसाठी?”

“फाडायचं नाही. पाटी अडवायची नसते. मीच शिकवलंय सगळ्यांना.”

ते माझ्यासमोर बसून राहिले. आठवी ओळ रिकामी होती. तिथे ‘होय’ लिहावे की ‘नाही’, हे त्यांना कळत नसावे. स्वतःबद्दलच्या कौलात माणसाने काय लिहायचे? पेन दोनदा टेकले आणि दोनदा उचलले. शेवटी त्यांनी लिहिले : ‘मी घाबरलो होतो. सांगायची लाज वाटली. किल्ली खिशात आहे हे विमानतळावर कळले. उल्हास बर्वे.’ पेन इतके दाबून लिहिले, की अक्षर माझ्या पुठ्ठ्यापर्यंत उमटले. ते अजून आहे. मग ते स्वतः मला घेऊन निघाले आणि नवव्या दाराच्या कडीला लटकवून पाय न वाजवता परतले.

नववे घर प्रसन्नचे. हा पीएच.डी.चा विद्यार्थी. मार्चमध्ये तो परिषद आहे असे सांगून बारा दिवस ओसाकाला मित्राकडे जाऊन राहिला होता, आणि परिषद कसली हे आजवर कुणी विचारले नव्हते. त्याने वरून वाचत आणले आणि आठव्या ओळीवर थांबला. तिथून पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग हळूच लिहिले : ‘वरीलप्रमाणे.’

दहावे घर कादंबरीचे. ती एकटी राहायची, आणि जून संपत आला तरी तिच्या दाराशी भरलेली बॅग तशीच उभी होती. पुन्हा भूकंप झाला तर, म्हणून ती बूट घालून झोपत असे, हे फक्त मला माहीत होते. तिने आठवी ओळ वाचली आणि तिला एकदम रडू आले. डोळे पुसून तिनेही लिहिले : ‘वरीलप्रमाणे.’

संध्याकाळी नंदिनीने मला टेबलावर ठेवून मोजायला घेतले. तीन वेळा मोजले. मग तिने रणजितला बोलावून घेतले.

“हे आठव्या घरी कसं गेलं?” तो ओरडला.

“ते सोड. मला सांग, हे मोजू कसं? सात होय म्हणतात. त्यातले सहा वरीलप्रमाणे. खाली दोन वरीलप्रमाणे, पण ते कशाला? काका तर होयही म्हणत नाहीत आणि नाहीही.”

“प्रसन्न आणि कादंबरी काकांच्या बाजूने?”

“बाजू कुठेय त्यात? घाबरलो होतो, एवढंच आहे. आणि खरं सांगू? मीही घाबरले होते. मीही तेच लिहिणारे.” तिने अकराव्या ओळीत लिहिले : ‘वरीलप्रमाणे.’

रणजितने कागद आपल्याकडे ओढला. “मी नव्हतो घाबरलो,” तो म्हणाला. आणि आठवी ओळ पुन्हा वाचून म्हणाला, “मग मला एवढा राग का येतोय?”

“बघ लिहून. तुझं पहिलं घर होतं, तुझ्या ओळीच्या वर काहीच नव्हतं. आता सगळं आहे. ते सगळं हाताने झाक आणि मग लिही.”

रणजितने डावा तळहात त्या अकरा ओळींवर ठेवला. मग कागदाच्या तळाशी, जिथे ओळच आखली नव्हती, तिथे त्याने लिहिले : ‘उल्हासकाका, मी तुमच्या फोनची वाट पाहत होतो.’

तो मला घेऊन बर्व्यांच्या दारी गेला. कडीला लटकवले, घंटा दाबली आणि जिन्याकडे पळाला. पण चार पायऱ्या उतरून तिथेच थांबला. सुप्रभाताईंनी मला आत घेतले. उल्हासरावांनी शेवटचे वाक्य वाचले आणि फोन उचलला. आणि आमच्याच जिन्यात एक फोन वाजू लागला.

“रणजित, बर्वे बोलतोय. फोन करायला जरा उशीर झाला रे.”

“तीन महिने, काका.”

“हो. कुठे आहेस?”

“जिन्यात.”

पुढचे मला दिसले नाही, कारण उल्हासराव दार उघडून बाहेर गेले आणि ते दोघे जिन्यातच उभे राहिले.

महाभियोगाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. उल्हासरावांनी आपणहून अध्यक्षपद सोडले. किल्लीच्या दोन प्रती करून एक खोलीबाहेर टांगली. गणपतीला मोठ्या पातेल्यापाशी तेच उभे होते आणि मीठ किती घालायचे हे रणजित त्यांना विचारत होता. लोकांना ते अध्यक्ष हवे होते की नको, हे मात्र कधीच ठरले नाही. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. मी तो कित्येकदा मोजून पाहिला, दर वेळी बेरीज वेगळीच येते.

आता मी खिळ्याला टांगलेली असते. हल्ली सगळे कौल फोनवरच होतात, मला कुणी फिरवत नाही. पण मित्रांनो, तुमच्यापुढे कधी अशी रिकामी ओळ आली, तर वरच्या ओळींवर क्षणभर तळहात ठेवा. आणि ज्याच्याबद्दल लिहायचे आहे, त्याचे दार वगळू नका. माझी धूळ तेवढी अधूनमधून पुसत जा. चिमटा मात्र दुरुस्त करू नका. तो घट्ट असता, तर ती पिवळी चिठ्ठी पडलीच नसती.